आमच्या घरच्या सहा खिडक्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी सतरंज्या घालणाऱ्यांत आणि चहा करणाऱ्यांत असते. बोलणाऱ्यांत माझे नाव आजवर कधी आले नव्हते. यंदा मात्र चिटणीसबाईंनी ऐकलेच नाही. "तुमच्या खिडक्यांची हकीगत सांगा, तेवढी पुरे," असे म्हणाल्या. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा भाषण म्हणून नव्हे, ओट्यावर बसून आपण बोलतो तसे बोलते. काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

खिडकी हा शब्द आपल्या अमरावतीला नवा नाही. माता खिडकी, छत्रपुरी खिडकी ही ठिकाणे आपण रिक्षावाल्याला नेहमी सांगतो. बाहेरगावच्या पाहुण्याला मात्र खिडकीत उतरायचे कसे हे कळत नाही. मग त्याला समजावून सांगावे लागते की, बाबा, १८०७ साली निजामाच्या अमलात, पेंढाऱ्यांपासून व्यापारी पेठेचे रक्षण व्हावे म्हणून या गावाला दगडी परकोट बांधला. त्याला मोठ्या पाच वेशी ठेवल्या आणि पायी जाण्यायेण्यापुरत्या लहान चार खिडक्या ठेवल्या. गावालाच जिथे खिडक्या आहेत, तिथल्या बायकांनी खिडकीवर बोलायचे नाही तर कोणी बोलायचे?

आमचे घर परकोटाच्या आतले, बुधवाऱ्याकडचे. सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेले, म्हणजे वयाने शंभरीच्या पुढचे. भिंती दोन हात रुंद, चुन्याच्या गिलाव्याच्या. आणि सहा खिडक्या, मेळघाटच्या सागवानाच्या. लग्न होऊन आले तेव्हा मला त्या मुळीच आवडल्या नव्हत्या. काळ्या पडलेल्या, जड, उघडताना करकरणाऱ्या. पुसायला घेतल्या तर एकेकीला अर्धा तास लागे. पण त्या कशा वापरायच्या हे सासूबाईंनी मला पहिल्याच उन्हाळ्यात शिकवले.

आमच्या खिडकीला झडपा चार. खाली दोन, वर दोन. खालच्या लावून वरच्या उघड्या ठेवल्या की रस्त्यावरच्याला घरातले दिसत नाही आणि वर साचलेली गरम हवा बाहेर पडते. रात्री चारही उघडायच्या. खिडकीचा कट्टा जमिनीपासून हातभरच उंच, म्हणून खाली अंथरुणावर निजलेल्या माणसालाही वारा लागतो. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत सगळ्या झडपा बंद, दिवे लागले की सगळ्या उघड्या. आपल्या वऱ्हाडात वैशाखात पारा पंचेचाळिसावर जातो हे तुम्हाला मी काय सांगू! अकोल्याचे नाव तर दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात असतेच, आणि माझे माहेर अकोल्याचेच. तेव्हा उन्हाचे मला कौतुक नाही. पण जाड भिंत आणि लाकडी झडप यांच्या आड दुपार निघून जात असे.

आता माझी चूक सांगते. धाकट्या दिराच्या लग्नाच्या वेळी घराला रंग काढला. समोरच्या खोलीची रस्त्यावरची खिडकी फार जुनाट दिसते, पाहुणे काय म्हणतील, असे मीच म्हटले. दुसऱ्या कोणाचा दोष नाही. एका ठेकेदाराने दोन दिवसांत जुनी खिडकी उखडली आणि ॲल्युमिनियमची, काळ्या काचेची सरकती खिडकी बसवली. जुनी खिडकी भंगारवाल्याने गजांसकट आठशे रुपयांना नेली. त्या पैशाचे मी दोन स्टीलचे डबे घेतले. ते डबे अजून घरात आहेत. त्यातून पीठ काढताना आजही वाईट वाटते.

लग्न झाले, पाहुणे गेले आणि उन्हाळा आला. त्या खिडकीची पट्टी दुपारी हाताला लावून घेईना. माझी मुलगी विज्ञान शिकते. ती म्हणाली, "आई, ॲल्युमिनियममधून उष्णता लाकडाच्या हजारपटीहून जास्त वाहते. मग दुसरे काय होणार?" शिवाय सरकती खिडकी कितीही उघडली तरी अर्धीच उघडते, एक काच दुसरीच्या मागे उभी राहते. म्हणजे जिथे चार झडपांतून पूर्ण वारा येत होता तिथे निम्माच राहिला. आणि काचेतून ऊन मात्र पूर्ण.

सासूबाईंची खाट त्याच खिडकीपाशी असे. त्या वैशाखात त्यांना उन्हाची बाधा झाली, घेरी आली, दोन दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. सगळा दोष खिडकीचाच असे मी म्हणणार नाही, त्यांचे वयही होते आणि ऊनही तसेच होते. पण घरी आल्यावर त्यांनी खाट आतल्या खोलीत न्यायला सांगितली. मला एवढेच म्हणाल्या, "सूनबाई, या खिडकीतून दिसते समदं, पण येत कायी नाही." रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

पुढे दोन वर्षांनी उरलेल्या पाच खिडक्यांचा प्रश्न आला. एकीची खालची पट्टी कुजून भुगा झाली होती. एकीची झडप लागत नव्हती. बाकीच्या तिघींच्या बिजागऱ्या सैल, कड्या मोडक्या. ठेकेदाराने पाचही काढून नव्या बसवायचे बेचाळीस हजार सांगितले. घरातल्या मंडळींचा होकार होता. मी म्हटले, आठ दिवस थांबा.

शेजारणीने एका म्हाताऱ्या वाढईकाकांचा पत्ता दिला. परतवाड्याकडचे, उभा जन्म सागवानात गेलेला. ते आले, चहा घेतला, आणि माझ्याकडे दाभण मागितले. मला वाटले, पोते शिवायचे आहे की काय! त्यांनी प्रत्येक खिडकीला बोटभर अंतरावर दाभण टोचून पाहिले. जिथे लाकूड निरोगी तिथे दाभणाचे टोक आत जाईना. जिथे कुजले तिथे लोण्यात गेल्यासारखे जाई. शेवटी म्हणाले, "बाई, चौकट काऊन काढता जी? चौकट तं लोखंडावानी हाये. रोग खालच्या पट्टीले हाये, अन् तो बी तुमच्या कूलरनं लावला."

खरेच होते. त्या खिडकीचे दोन गज कापून आम्ही पंधरा वर्षांपूर्वी कूलर बसवला होता. दर उन्हाळ्यात त्याचे पाणी खालच्या पट्टीवर ठिबकत होते. भरीला, पट्टीच्या खाली कोणीतरी सिमेंट थापले होते. काका म्हणाले, चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट ओल आत कोंडून धरते, आणि ती ओल लाकूड खाते. शंभर वर्षे पावसाने जे केले नाही ते आम्ही पंधरा वर्षांत केले.

मी विचारले, जुने लाकूड एवढे टिकले कसे? ते म्हणाले, पूर्वी मोठ्या वाढलेल्या झाडाच्या गाभ्याचे लाकूड मिळे. सागाच्या गाभ्यात तेल असते, त्याला उधई सहसा तोंड लावत नाही. आता कोवळे झाड तोडतात, त्यात बाहेरचा पांढरा भाग जास्त, तो लवकर कुजतो. म्हणून तुमची खिडकी काढून बाजारातली नवी लाकडी बसवली तरी ती हिच्याइतकी जगेल याची हमी नाही. सांधे लावायचे तर जुनेच, वाळलेले सागवान पाहिजे, आणि ते तुम्ही कुठून तरी मिळवा, असे सांगून ते गेले.

मैत्रिणींनो, ते लाकूड मला कुठे मिळाले ते सांगते. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या बाजूला, माझ्या वडिलांचे घर होते. वडील गेल्यावर भावाने ते पाडून नवे बांधायचे ठरवले. त्याचीही अडचण होती, मी त्याला बोल लावत नाही. त्या घराच्या मागच्या खोलीत दोन खिडक्या होत्या. एकीच्या कट्ट्यावर बसून मी सातवीचा अभ्यास केला. पुढची शाळा लांब होती, म्हणून माझे नाव काढले. मग कितीतरी दिवस त्याच कट्ट्यावर बसून मी शाळेत जाणाऱ्या मुली पाहत असे.

त्या दिवाळीत भाऊबिजेला गेले. ओवाळल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, साडी घेशील का पैसे देऊ?" मी म्हटले, "मला मागच्या खोलीच्या दोन खिडक्या दे." तो हसला. जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याशी त्याचा सौदा ठरला होता. पण मी हसत नाही असे पाहून तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः पाचरी ठोकून खिडक्या सोडवल्या, सुट्या केल्या आणि गोणपाटात बांधून दिल्या. एस. टी. च्या वाहकाने लगेजचे तिकीट फाडले. मूर्तिजापूरला एक म्हातारी शेजारी येऊन बसली. "माय, हे काय होय एवढं?" तिने विचारले. मी म्हटले, "माहेरची खिडकी आहे." ती लाकडावरून हात फिरवीत बडनेऱ्यापर्यंत बसली होती, दुसरे काही बोलली नाही.

आता काम कसे झाले ते थोडक्यात सांगते, कारण ते तुमच्या उपयोगाचे आहे.

आधी जुना रंग काढला. यात एक धोका आहे. पूर्वीच्या तैलरंगांत शिसे असे. सरकारने २०१६ साली नियम केला आणि नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे असू नये असे बंधन आले. म्हणजे त्याआधीच्या रंगावर भरवसा नको. असा रंग कोरडा घासला तर धूळ उडते आणि ती लहान मुलांना फार वाईट. आम्ही रंग ओला करून खरवडला, नाकाला फडके बांधले, खाली कागद अंथरला, तो गुंडाळून बाजूला काढला आणि तोवर शेजारची मुले अंगणात फिरकू दिली नाहीत.

मग कुजलेला भाग तेवढाच कापला. काकांनी कापही सरळ न घेता तिरका घेतला, म्हणजे जुने आणि नवे लाकूड लांबवर एकमेकांना चिकटते आणि सांधा सुटत नाही. अकोल्याच्या एका खिडकीचे तुकडे असे पाच ठिकाणी बसले. खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाला थोडा उतार दिला, पाणी थांबू नये म्हणून. चौकटीभोवतीचे सिमेंट काढून चुना भरला. बारीक भेगा सागवानाच्या भुशात सरस मिसळून बुजवल्या. बिजागऱ्या रॉकेलमध्ये बुडवून घासल्या, त्याच परत लावल्या. शेवटी उकळलेले जवसाचे तेल दोनदा फडक्याने चोपडले. जवस आपल्या घरचेच पीक, आपण त्याची चटणी खातो, पण लाकडालाही ते तितकेच मानवते हे मला ठाऊक नव्हते. एक सूचना मात्र काकांनी बजावून दिली. तेलाची फडकी बोळा करून टाकायची नाहीत, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवावी किंवा दोरीवर पसरून वाळवावी.

डासांचा प्रश्न मुलीने काढला. डेंग्यूच्या दिवसांत तो बरोबरच होता. आतल्या बाजूने जाळीची वेगळी हलकी चौकट चार स्क्रूंवर बसवली. जुन्या लाकडाला धक्का नाही आणि धुवायला काढता येते. कूलर खिडकीतून काढून बाहेर घोडीवर ठेवला.

पाचवी खिडकी, जिची झडप लागत नव्हती, तिची गोष्ट वेगळी. मी म्हटले, "काका, रंधा मारा, बसेल." ते म्हणाले, "हात नाही लावत. खिडकी बरोबर हाये, भिंत सरकली." खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेली होती, ती रंगाखाली झाकलेली होती. २०२२ च्या ऑक्टोबरात आपल्या प्रभात चौकातली जुनी इमारत कोसळली आणि पाच माणसे गेली, हे आपण कोणी विसरलेले नाही. आम्ही काम थांबवून इंजिनिअरला बोलावले. त्यांनी भिंतीला टेकू दिला, छतावरचे पाणी त्या कोपऱ्यात मुरत होते ते बंद केले आणि कोपरा नव्याने बांधून घेतला. त्यात माझी भिशी गेली. पण आधी रंधा मारून झडप बसवली असती तर भिंतीने दिलेली सूचना आम्ही आमच्याच हाताने पुसून टाकली असती. म्हणून जुन्याच्या प्रेमापोटी सगळेच डोक्यावर घेऊन बसा असे मी सांगत नाही. जिथे जिवाला धोका आहे तिथे आधी जाणत्या माणसाला दाखवावे.

भिंतीचे काम सोडून पाच खिडक्यांचा खर्च साडेएकोणीस हजार झाला. नव्याच्या निम्म्याहून कमी. आणि त्यातला बराचसा पैसा कारागिराच्या हातात गेला, सामानात नाही.

कोणी म्हणेल, ही गरिबाची काटकसर आहे. तसे नाही. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर तुम्ही चित्रात तरी पाहिला असेल. १८७८ साली तो पूर्ण झाला. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या बड्या व्यापाऱ्याने पैसा दिला आणि आईचे नाव दिले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी चालली होती, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून आपल्या देशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या व्यापारात आपल्या वऱ्हाडचाही कापूस होताच. त्या टॉवरची आणि ग्रंथालयाची मोठी डागडुजी २०१५ साली पुरी झाली. तिथल्या रंगीत काचांच्या खिडक्या काढून नव्या बसवल्या नाहीत, त्याच दुरुस्त केल्या. २०१८ साली युनेस्कोने त्या कामाचा गौरव केला. आणि दुसरे टोक पाहायचे तर आपल्याजवळचे सेवाग्राम. आपल्या मंडळाची सहल गेली होती तेव्हा बापूकुटी सगळ्यांनी पाहिली. १९३६ च्या सुमाराची ती माती, बांबू आणि लाकडाची झोपडी आजही उभी आहे ती वेळोवेळी लिंपूनसारवून, त्याच सामानाने जपल्यामुळे. लाखोंची इमारत असो की मातीची कुटी, रीत एकच. जेवढे बिघडले तेवढेच दुरुस्त करावे.

आता तुमच्याकडे माझे मागणे. परकोटाच्या आतल्या पुष्कळ घरांत अजून अशा खिडक्या आहेत. त्या काढायच्या ठरल्या तर आधी एक दाभण घ्या आणि टोचून पाहा. कुठे कुजले, आणि पाणी कुठून येते, हे शोधा. पाणी बंद केल्याशिवाय लाकडाला हात लावू नका. झडप एकाएकी अडू लागली तर तिच्यावर रागावण्याआधी भिंत पाहा. दिवाळीच्या साफसफाईत बिजागऱ्यांना तेल आणि लाकडाला जवसाचा हात द्या, तासाभराचे काम आहे. आणि काढायचीच झाली तर भंगारात देण्याआधी मंडळात सांगा. कोणाच्या तरी खिडकीला तो तुकडा लागत असेल.

आणखी एक. वाढईकाकांचा मुलगा ऑटो चालवतो. मी त्याला विचारले, वडिलांचे काम का शिकला नाहीस? तो म्हणाला, "काकू, वर्षातून दोन घरचं काम भेटते, त्यात पोट भरते काय?" त्याला उत्तर देणे माझ्या एकटीच्या हातात नाही. पण आपल्या मंडळात इतक्या बायका आहेत, प्रत्येकीने एका खिडकीचे काम दिले तरी काकांना शिकवायला आणि त्याला शिकायला निमित्त होईल.

राहिली सहावी खिडकी. अकोल्याची दुसरी खिडकी शाबूत होती. समोरच्या खोलीतली सरकती खिडकी काढून गेल्या अक्षय्य तृतीयेला काकांनी ती तिथे बसवली. दीड इंच रुंदीला कमी पडली, तेवढी पट्टी त्यांनी लावली. ती पट्टी वेगळी दिसते, मी तिला रंग देऊ दिला नाही.

सासूबाईंची खाट पुन्हा त्या खिडकीशी आली आहे. संध्याकाळी त्या वरच्या झडपा उघडायला सांगतात आणि अंबादेवीला कोण चालले ते पाहत बसतात. परवा मी भाजी निवडायला त्यांच्याजवळ कट्ट्यावर बसले. शाळा सुटली होती, मुली चालल्या होत्या. सासूबाईंनी विचारले, "काय पाहतेस वं?" मी म्हटले, "काही नाही आई, वारा चांगला येतो इथे."

  चहा तयार आहे, आणि आज तो मी केलेला नाही.